आधुनिकतेच्या दारातला कारकून

नवसाहित्य म्हटले की आपल्याकडच्या वाचत्या घरांतूनही एक ठरलेली कुरकुर ऐकू येते. ही मंडळी लिहितात कोणासाठी? आमच्यासाठी, की एकमेकांसाठी? दिवाळीच्या दिवसांत चकलीचा तुकडा तोंडात टाकता टाकता अंकातली एखादी नवी कथा निम्म्यावर सोडून देणाऱ्या वाचकाला हा प्रश्न पडला, तर त्यात त्याचे काही वावगे झाले असे मला वाटत नाही. तक्रार शंभर वर्षांची जुनी आहे. पॅरिसला, लंडनला, डब्लिनला ती आपल्या आधी झाली, आणि तक्रार करणाऱ्याला अरसिक म्हटल्याने ती कुठेही मिटली नाही.

मला सांगायची आहे ती या तक्रारीच्या पोटातली गंमत. ज्या माणसाला हे साहित्य कळत नाही असे म्हणतात, नेमका तोच माणूस या साहित्याच्या मध्यभागी बसलेला असतो. इंग्रजी कादंबरीत पूर्वी कारकून नव्हता असे नाही. डिकन्सकडे तर ते रांगेने भेटतात. पण बहुधा आपण त्यांना हसावे किंवा त्यांची कीव करावी म्हणून. त्यांच्या डोक्यात शिरून तिथून जग पाहावे असे कोणाला फारसे वाटले नव्हते. आधुनिकांना ते वाटले. जेम्स जॉइसच्या 'युलिसिस'चा नायक वर्तमानपत्रासाठी जाहिराती मिळवत हिंडणारा एक मध्यमवयीन गृहस्थ आहे. काफ्का प्राग शहरात कामगारांच्या अपघातविम्याच्या कचेरीत १९०८ पासून १९२२ पर्यंत नोकरी करत होता. पेसोआ हा पोर्तुगीज कवी लिस्बनच्या व्यापारी पेढ्यांची परदेशी पत्रे लिहून पोट भरत असे. टी. एस. एलियटने लंडनच्या लॉइड्स बँकेत आठ वर्षे काढली. त्याच्या 'द वेस्ट लँड'मध्येही घरदलालाच्या कचेरीतला एक मुरूममुख्या कारकून येतो आणि कवीचा पुरेपूर तिटकारा घेऊन जातो.

म्हणजे लिहिणारा कारकून, लिहिला जाणारा कारकून. आणि वाचायची वेळ आली की तेवढा कारकून दाराबाहेर. हे असे का झाले, आणि खरोखरच झाले का, हे मी एका कादंबरीच्या आधाराने पाहणार आहे. व्हर्जिनिया वुल्फबाईंची 'मिसेस डॅलोवे', १९२५ सालची. या प्रकरणात मी अगदी तटस्थ नाही. मी कादंबऱ्या लिहितो, शाळेत पोरांना शिकवतो आणि माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबलेले आहे. कॉलेजचे आवार मी पाहिले ते पुस्तकांच्या प्रदर्शनाच्या निमित्ताने. तेव्हा दाराबाहेर कोण उभे आहे याची चौकशी मी जरा आस्थेने करणार, हे वाचकांनी गृहीत धरावे.

गोष्ट १९२२ सालापासून सुरू करू. त्या वर्षी २ फेब्रुवारीला, जॉइसच्या चाळिसाव्या वाढदिवशी, पॅरिसमध्ये सिल्व्हिया बीच या पुस्तकविक्रेतीने 'युलिसिस' प्रसिद्ध केली. हजार प्रती. त्याआधी अमेरिकेतल्या एका मासिकात तिची प्रकरणे येत होती, तर ती छापल्याबद्दल दोघी संपादिकांना १९२१ साली न्यायालयात दंड झाला होता. वुल्फबाई जॉइसपेक्षा आठच दिवसांनी मोठ्या. दोघांचा जन्म १८८२ च्या जानेवारी-फेब्रुवारीतला, आणि दोघांचा मृत्यूही १९४१ चा. असे हे समवयस्क. बाईंनी ऑगस्ट १९२२ मध्ये 'युलिसिस' वाचायला घेतली आणि आपल्या रोजनिशीत तिच्याविषयी जे लिहून ठेवले ते फार प्रसिद्ध आहे. पुस्तक त्यांना संस्कारहीन वाटले. कोणा स्वतःच्या बळावर शिकलेल्या कामकऱ्याने लिहावे तसे वाटले. आणि अशी माणसे किती त्रासदायक असतात हे आपल्याला ठाऊकच आहे, असाही त्यात सूर आहे.

या शेऱ्यात दोन अन्याय आहेत. पहिला वस्तुस्थितीवर. जॉइसचे घर दारिद्र्यात बुडाले होते हे खरे, पण तो डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचा पदवीधर होता, लॅटिन-इटालियन जाणणारा. पदवी नव्हती ती वुल्फबाईंना. त्यांचे वडील लेस्ली स्टीफन हे मोठे विद्वान. भाऊ केंब्रिजला गेले आणि या घरी राहिल्या. लंडनच्या किंग्ज कॉलेजातल्या स्त्रियांच्या विभागात काही वर्ग, घरी शिकवायला येणाऱ्या बाईंकडे ग्रीक, आणि वडिलांच्या ग्रंथसंग्रहात मोकळा संचार, एवढेच त्यांचे शिक्षण. 'स्वतःच्या बळावर शिकलेला' हे विशेषण खरे पाहता त्यांनाच अधिक शोभले असते, आणि ही सल त्यांनी जन्मभर बाळगली. 'अ रूम ऑफ वन्स ओन' हे १९२९ चे पुस्तक त्या सलेतूनच आले आहे. दुसरा अन्याय कामकऱ्यावर. त्याबद्दल पुढे.

त्याआधी हे आधुनिकतेचे प्रकरण मुळात काय होते ते थोडक्यात सांगायला हवे. मोठमोठे ग्रंथ त्यावर आहेत. मी एका मुद्द्यापुरते बोलतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विचारवंतांचा एका गोष्टीवरचा विश्वास उडत चालला: की जग एकाच ठिकाणाहून, एकाच डोळ्याने, सगळ्यांना सारखे दिसते. अमेरिकेत विल्यम जेम्सने १८९० च्या आपल्या मानसशास्त्राच्या ग्रंथात जाणिवेला प्रवाहाची उपमा दिली. मन म्हणजे एकामागून एक गुंफलेले मणी नव्हेत, ते वाहते पाणी आहे. फ्रान्समध्ये बेर्गसाँने घड्याळाचा काळ आणि मनाने अनुभवलेला काळ यांची फारकत दाखवली. दंतवैद्याच्या खुर्चीतली दहा मिनिटे आणि दिवाळीच्या सुट्टीतली दहा मिनिटे सारखी नसतात, हे आपल्याला बेर्गसाँशिवायही ठाऊक आहे. पण साहित्याने ते मनावर घेतले नव्हते. चित्रकारांनी घेतले. सेझानच्या टेबलावरची सफरचंदे एकाच जागी उभे राहून पाहिलेली वाटत नाहीत. चित्रकार मान हलवत होता हे चित्रातच दिसते. रॉजर फ्राय याने नोव्हेंबर १९१० मध्ये लंडनच्या ग्राफ्टन गॅलरीत सेझान, गोगँ, व्हॅन गॉग यांची चित्रे मांडली, तेव्हा लोक हसले, संतापले. पुढे वुल्फबाईंनी आपल्या एका निबंधात, थोड्या थट्टेने आणि थोड्या गांभीर्याने, माणसाचा स्वभाव बदलला तो याच वर्षाच्या डिसेंबरात, असा मुहूर्तच काढून दिला.

तो निबंध १९२४ चा, 'मिस्टर बेनेट आणि मिसेस ब्राउन'. आगगाडीच्या डब्यात कोपऱ्यात बसलेली एक म्हातारी, तिचे नाव मिसेस ब्राउन समजा. आर्नल्ड बेनेट, वेल्स, गॉल्सवर्दी हे मागच्या पिढीचे कादंबरीकार तिच्याविषयी लिहायला बसले तर काय करतील? ते डब्याचे वर्णन करतील, खिडकीबाहेरच्या कारखान्यांचे करतील, तिच्या घराचे भाडे किती हे सांगतील, आणि म्हातारी मात्र कोपऱ्यात तशीच बसून राहील. बाईंचा हा वार वर्मी लागलेला आहे. बेनेटच्या कादंबऱ्या आज कितीजण वाचतात?

पण मला या भांडणात एक गोष्ट खटकते. ज्यांच्यावर हा वार झाला त्यांतला बेनेट कोण? विद्यापीठात न गेलेला, लंडनला येऊन वकिलाच्या कचेरीत कारकुनी करणारा. आणि वेल्स? कापडाच्या दुकानात उमेदवारी केलेला. घराचे भाडे किती हा प्रश्न त्यांच्या कादंबरीत वारंवार येतो, कारण तो त्यांच्या आयुष्यात वारंवार आला होता. ज्याला भाड्याची चिंता असते त्याच्या जाणिवेच्या प्रवाहात भाड्याचा आकडाही वाहतच असतो. वुल्फबाईंची टीका कलेच्या अंगाने बरोबर आहे. तरीही तिला केन्सिंग्टनच्या दिवाणखान्याचा वास येतो तो येतोच.

आता कादंबरी. १९२३ सालच्या जून महिन्यातला एक बुधवार. पन्नाशी ओलांडलेली क्लॅरिसा डॅलोवे, पार्लमेंटच्या सभासदाची पत्नी, सकाळी फुले आणायला बाहेर पडते. रात्री तिच्या घरी पार्टी आहे. रात्री पार्टी होते. संपली कादंबरी. कथानक म्हणून विचाराल तर आमच्या सहावीच्या वर्गातली मुले याहून भरगच्च गोष्टी सांगतात. पुस्तकात प्रकरणे नाहीत, क्रमांक नाहीत. त्यांच्या जागी बिग बेनचे टोले आहेत. टोला पडतो आणि रस्त्यावरचे सगळे एका क्षणात येतात. टोला विरतो आणि जो तो आपापल्या काळात निघून जातो, कोणी तीस वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात, कोणी युद्धात. रस्त्यातून पडदे ओढलेली एक मोटार जाते. आत कोण असेल? पंतप्रधान? राणी? प्रत्येक डोके वेगळे उत्तर देते. आकाशात विमान धुराने अक्षरे काढते; ती एका मिठाईची जाहिरात आहे, पण ज्याला त्याला अक्षरे निराळी लागतात. कॅमेरा म्हणावा तशी ही मोटार आणि हे विमान आपल्याला एका मनातून दुसऱ्या मनात नेऊन सोडतात. कादंबरी लिहिणारा माणूस म्हणून मला या कारागिरीचे फार अप्रूप आहे. दोन अनोळखी पात्रांना एकत्र आणायचे तर आम्ही लग्न, अपघात किंवा हरवलेले पत्र शोधतो. बाईंना एक विमान पुरते.

त्याच मोटारीकडे, त्याच विमानाकडे आणखी एकजण पाहत असतो. सेप्टिमस वॉरन स्मिथ, वय तीसच्या आसपास, घरे-जमिनींच्या दलालीच्या पेढीतला कारकून. क्लॅरिसाची आणि त्याची गाठ पुस्तकभर पडत नाही. आणि मला या पुस्तकात थांबवून ठेवले ते त्याने.

सेप्टिमस लहान गावातून लंडनला आला. भाड्याच्या खोलीत राहून, वाचनालयातली पुस्तके आणून वाचत सुटला: शेक्सपिअर, डार्विन, शॉ, हाताला लागेल ते. संध्याकाळी वॉटर्लू रोडवर मिस इझाबेल पोल नावाच्या बाईंची शेक्सपिअरवर व्याख्याने होत, तिथे जाऊन बसे. त्यांच्या प्रेमात पडला. त्यांच्यावर कविता लिहिल्या, आणि बाईंनी त्या कवितांचा विषय दुर्लक्षून तांबड्या शाईने व्याकरण तपासून दिले. ही तांबडी शाई मी रोज वापरतो. पुस्तकात इथे पोचलो की लेखणी खाली ठेवावीशी वाटते. मग १९१४ चे युद्ध. सेप्टिमस पहिल्या स्वयंसेवकांत. तो लढायला गेला तो राजासाठी की साम्राज्यासाठी हे विचारू नका. त्याच्या मनातले इंग्लंड म्हणजे शेक्सपिअरची नाटके आणि हिरव्या पोशाखातल्या मिस पोल. तिथे तो शूर ठरला, बढती मिळाली, आणि जिवलग अधिकारी एव्हन्स युद्ध संपता संपता मारला गेला तेव्हा आपल्याला काहीच वाटत नाही याचा त्याला अभिमान वाटला. ते न वाटणे पुढे त्याच्यावर उलटले. आता १९२३ मध्ये तो रीजंट्स पार्कातल्या बाकावर बसून एव्हन्सशी बोलतो. शेजारी त्याची इटालियन बायको रेझिया, टोप्या शिवणारी, परक्या देशात एकटी पडलेली.

आणि झाडावरच्या चिमण्या त्याच्याशी ग्रीक भाषेत गातात.

इथे जरा थबकायला हवे. १९०४ साली, वडिलांच्या मृत्यूनंतर, व्हर्जिनिया स्टीफन (तेव्हा त्या वुल्फ झाल्या नव्हत्या) स्वतः वेडाच्या झटक्यात होत्या, आणि अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांना पक्षी ग्रीकमध्ये गाताना ऐकू येत, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. त्याच आजारात त्यांनी खिडकीतून उडी टाकली होती. म्हणजे आपल्या आयुष्यातला सर्वांत भीषण, सर्वांत खासगी अनुभव लिहायची वेळ आली, तेव्हा बाईंनी तो क्लॅरिसाला दिला नाही, आपल्यासारख्या कोणा विदुषीला दिला नाही. तो रात्रीच्या व्याख्यानांना जाणाऱ्या कारकुनाला दिला. कुठलीही ग्रीक? ती भावांना केंब्रिजमध्ये रीतसर मिळाली आणि बाईंनी घरी शिकून मिळवली ती. विद्यापीठाच्या दाराआड असलेल्या विद्येची खूणच ती. सेप्टिमसच्या शिक्षणात ती कुठून असणार? म्हणून त्याला ती चिमण्यांकडून ऐकावी लागते.

तारखा पाहिल्या की हे आणखी नवलाचे वाटते. स्वतःच्या बळावर शिकलेल्या कामकऱ्याविषयीचा तो शेरा ऑगस्टमधला. त्याच साली ऑक्टोबरात त्याच रोजनिशीत बाई नोंद करतात की मिसेस डॅलोवेची गोष्ट आता कादंबरी होऊ लागली आहे, शहाण्याने पाहिलेले जग आणि वेड्याने पाहिलेले जग शेजारी शेजारी मांडायचे आहे. दोन महिन्यांत हा कामकरी रोजनिशीच्या एका पानावरून दुसऱ्यावर गेला, आणि जाताना तिरस्काराचा विषय होता तो लेखिकेचा जुळा भाऊ होऊन बसला. बाईंनी १९२८ च्या एका प्रस्तावनेत सांगितले आहे की मूळ बेतात सेप्टिमस नव्हताच. मरायचे होते ते क्लॅरिसाला.

हे पात्र हवेतून आले असेही नाही. १९०५ पासून १९०७ पर्यंत बाई मॉर्ली कॉलेजात शिकवत होत्या. वॉटर्लू रोडच्या बाजूला काम करणाऱ्या स्त्रीपुरुषांसाठी चालणारी ती संध्याकाळची शाळा. मिस पोलची तांबडी शाई बाईंनी स्वतः पाहिलेली, कदाचित वापरलेलीही असणार. इंग्लंडात १८७० च्या कायद्याने प्राथमिक शिक्षणाची वाट सर्वांना खुली होऊ लागली होती, आणि तीस-चाळीस वर्षांत असा एक मोठा वर्ग तयार झाला की ज्याला वाचता येत होते, वाचायची भूक होती, पण पुढचे दार बंद होते. सुखवस्तू लेखकांना या वर्गाची थोडी धास्तीच वाटे. ई. एम. फॉर्स्टरच्या 'हॉवर्ड्स एंड'मध्ये, म्हणजे त्याच १९१० सालच्या कादंबरीत, लेनर्ड बास्ट नावाचा असाच एक पुस्तकवेडा कारकून आहे. तो कसा मरतो? पुस्तकांचे कपाट अंगावर कोसळून. फॉर्स्टर दयाळू लेखक होता, पण हे मरण मला अजून पचलेले नाही.

सेप्टिमसला मारतात ते डॉक्टर. डॉक्टर होम्स म्हणतात याला काही झालेले नाही, छंद लावून घ्या. हार्ले स्ट्रीटचे सर विल्यम ब्रॅडशॉ पाऊण तास देतात आणि सांगतात की याला प्रमाणाचे भान उरले नाही. याला बायकोपासून दूर, आमच्या आरामगृहात ठेवू. इंग्लंडातल्या आगगाड्यांच्या वेळापत्रकाचे प्रसिद्ध पुस्तकही ब्रॅडशॉ याच नावाचे होते, आणि हिंदुस्थानातही त्या नावाचे वेळापत्रक निघत असे. योगायोग असो नसो, पाऊण तासाच्या मापाने माणूस मोजणाऱ्या या गृहस्थाला नाव फिट्ट बसले आहे.

मरणापूर्वीचा अर्धा तास मात्र वाचावा असा आहे. रेझिया घरमालकिणीच्या मुलीसाठी टोपी शिवते आहे. सेप्टिमस कोचावर पडलेला. एकाएकी तो शहाण्यासारखा बोलतो: ही टोपी तिच्या डोक्याला पुरणार नाही. रेझिया हसते. मग तो फिती, मणी, कापडाची फुले जुळवतो, रंग सांगतो, ती टाके घालते. नवरा-बायको कित्येक आठवड्यांनी एका कामावर ओणवून हसत आहेत. जाणिवेचा प्रवाह, काळाचे दुहेरी परिमाण, सगळे बाजूला राहते आणि उरते एक टोपी. या प्रसंगात काय दुर्बोध आहे? माझ्या आईने तो ऐकला असता तर तिला शब्दन् शब्द कळला असता. तेवढ्यात जिन्यावर डॉक्टर होम्सची पावले वाजतात, आणि सेप्टिमस खिडकीकडे जातो.

रात्री पार्टीत ब्रॅडशॉ पतिपत्नी उशिरा पोचतात. का, तर एका तरुणाने जीव दिल्यामुळे. क्लॅरिसा पाहुण्यांना सोडून शेजारच्या रिकाम्या खोलीत जाते, त्या अनोळखी तरुणाचा विचार करते, समोरच्या घरात एक म्हातारी झोपायची तयारी करताना पाहते. तिला त्या तरुणाशी आपले काही साम्य वाटते. इतकेच नव्हे, त्याने हे केले याचे तिला बरे वाटते, आयुष्य अधिक सुंदर वाटते. समीक्षकांनी या जागेची वाहवा केली आहे, आणि लिखाण म्हणून ती आहेही अपूर्व. पण एका कारकुनाच्या मरणाने यजमाणबाईंना जगण्याची गोडी परत मिळते हे मला निमूटपणे मान्य होत नाही. रेझिया त्या वेळी गुंगीच्या औषधाखाली पडलेली आहे. तिच्यासाठी त्या मरणात काही सुंदर नाही. लेखिकेला हे दिसत होते असे मला वाटते, कारण रेझियाची खोली तिनेच आपल्याला आधी दाखवली आहे. क्लॅरिसाला दिसले नाही एवढेच. वाचकाने क्लॅरिसाच्या डोळ्यांनी कादंबरी संपवावी अशी सक्ती कुठे आहे?

माझी खरी तक्रार दुसऱ्याच पात्राविषयी आहे. क्लॅरिसाच्या मुलीला इतिहास शिकवायला येणाऱ्या मिस किलमन. गरीब, पदवीधर, युद्धात सगळे जर्मन दुष्ट असे म्हणायला नकार दिला म्हणून शाळेतली नोकरी गमावलेल्या. एवढे धैर्य पुस्तकात दुसऱ्या कोणी दाखवलेले नाही. आणि बाईंनी त्यांना काय दिले? एक जुनाट रेनकोट, घाम, मत्सर, आणि आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सच्या उपाहारगृहात अधाशीपणे एक्लेअर खाण्याचा प्रसंग. सर विल्यम ब्रॅडशॉही दुकानदाराचा मुलगा, कष्टाने वर आलेला, आणि तोही खलनायक. म्हणजे हिशेब असा: खालून वर आलेला माणूस वेडा होऊन मेला तर तो आपला, जगला, नोकरी करू लागला, उपाहारगृहात शेजारच्या टेबलावर येऊन बसला, की त्याच्या रेनकोटाचा वास येऊ लागतो. शाळामास्तर म्हणून मला हे झोंबते हे मी लपवत नाही. तरीही एक सांगायला हवे. बेनेटने मिस किलमनचा पगार सांगितला असता. वुल्फबाई त्यांच्या मनात शिरल्या, त्या एक्लेअरमागे किती भूक आणि किती एकटेपण आहे हे त्यांनी नाक मुरडत का होईना लिहिले. पद्धतच अशी होती की लेखिकेचा तिरस्कारही पात्राला पुरता मारू शकला नाही. आतून पाहायचे ठरवले की माणसाला नुसते हास्यास्पद ठेवता येत नाही. आधुनिकतेचे मोठेपण मला वाटते ते इथे आहे. तंत्राने लेखकाच्या वर्गाला वाकवले.

दुर्बोधतेचा प्रश्नही या उजेडात पाहावा. सगळी दुर्बोधता एका जातीची नसते. 'द वेस्ट लँड'ला एलियटने पुस्तकरूपात टिपा जोडल्या. कितीतरी भाषांतले, धर्मग्रंथांतले, नाटकांतले उल्लेख तिथे आहेत, आणि टिपांनीही सारे उलगडत नाही. तिथे दारावर खरोखरच पहारेकरी उभा आहे. (वुल्फ पतिपत्नींनी ती कविता १९२३ मध्ये आपल्या हॉगार्थ प्रेसतर्फे छापली, अक्षरजुळणी बाईंनी स्वतः हाताने केली, त्या मुरूममुख्या कारकुनासकट, आणि त्याच सुमारास सेप्टिमस लिहिला जात होता.) 'मिसेस डॅलोवे'त शेक्सपिअरच्या एका गीताची ओळ अधूनमधून येते, पण ती ओळखली नाही तरी काही अडत नाही. तिथली अडचण एवढीच की कोणाच्या डोक्यात आपण आहोत हे लेखिका सांगत नाही. पाच-सहा पानांनी कान तयार होतो. स्वयंपाकघरात काम करता करता माजघरातल्या चार माणसांचे आवाज ओळखणाऱ्या कोणत्याही गृहिणीला ही विद्या पाठ असते. त्याच १९२५ च्या वसंतात, कादंबरीच्या तीनच आठवडे आधी, बाईंचा निबंधसंग्रह निघाला; त्याचे नाव 'द कॉमन रीडर', साधा वाचक. तिरस्काराचा शेरा लिहिणारा हातही तोच आणि साध्या वाचकाला पुस्तक वाहणारा हातही तोच.

आपल्याकडे ही वाट आणली मर्ढेकरांनी. इंग्लंडात काही वर्षे राहून आलेले, तिथला हा सगळा खटाटोप जवळून पाहिलेले. त्यांची 'रात्रीचा दिवस' ही १९४२ ची कादंबरी संज्ञाप्रवाहाचा मराठीतला उघड प्रयोग आहे. प्रयोग म्हणून तिचा मान मोठा. वाचनाचा आनंद मात्र मला त्यांच्या कवितेत अधिक मिळतो. १९४७ च्या 'काही कविता'वर दुर्बोधतेचा गिल्ला झाला, अश्लीलतेचा खटलाही झाला. पण गिरणीच्या भोंग्यावर आणि लोकलच्या वेळेवर चालणारा मुंबईचा माणूस मराठी कवितेत पहिल्यांदा इतका आतून आला तो तिथेच, हे नाकारता येत नाही. पुढची गोष्ट मात्र इंग्लंडपेक्षा निराळी झाली. गिरणगावात वाढलेले, शाळेत शिपाई असलेले आणि पुढे शिक्षक झालेले नारायण सुर्वे १९६२ साली 'ऐसा गा मी ब्रह्म' घेऊन आले, १९६६ साली 'माझे विद्यापीठ'. वुल्फबाईंच्या रोजनिशीतला तो स्वतःच्या बळावर शिकलेला कामकरी मराठीत कोणाच्या कादंबरीत मरायला थांबला नाही. त्याने स्वतःच लेखणी उचलली. सुर्व्यांची वाट मर्ढेकरांनी मोकळी केली की सुर्वे मर्ढेकरांना वळसा घालून गेले, यावर वाद होऊ शकतो. मला दोन्ही थोडे थोडे खरे वाटते.

कोणाला ही कादंबरी वाचायची इच्छा झालीच, तर माझ्या अनुभवावरून दोन सूचना. शब्दकोश दूर ठेवा. निदान पहिल्या तीस पानांत उघडू नका. आणि एका बैठकीत निदान दोन टोल्यांमधला मजकूर पुरा करा, मध्ये उठलात तर पुन्हा धागा सापडायला वेळ लागतो. शेवटच्या पार्टीत एली हेंडर्सन या पात्राकडे लक्ष असू द्या. क्लॅरिसाची ही गरीब नातेवाईक. तिला आमंत्रण गेले तेही आयत्या वेळी, दुसऱ्या कोणीतरी शब्द टाकला म्हणून. रात्रभर ती एका बाजूला उभी असते. फारसे कोणी तिच्याशी बोलत नाही. पण कोण कोणते कपडे घालून आले, पंतप्रधान कसे दिसतात, कोण कोणाशी काय बोलले, ते सगळे ती डोळ्यांत साठवून घेते. घरी तिची मैत्रीण एडिथ आहे, तिला ते सांगायचे आहे.